सातबाऱ्यावर क्लाउड उभारू नका

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. सांगलीत विश्रामबागला माझी आणि चुलतभावाची वेब होस्टिंगची कंपनी आहे. बारा वर्षं झाली. सहाशेच्या आसपास वेबसाइट, त्यांचे ईमेल आणि तीसेक गिऱ्हाइकांचं ऑनलाइन टॅली आमच्याकडे आहे. मार्केट यार्डातले हळदीचे अडते, कुपवाड एमआयडीसीतले कारखानदार, मिरजेतले डॉक्टर, काही पतसंस्था आणि शाळा हे आमचे गिऱ्हाईक. सर्व्हर मुंबईच्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेले आहेत. बॅकअप रोज रात्री तिथल्याच दुसऱ्या मशीनवर जातो. वर्षाची उलाढाल २१ लाख, माणसं आम्ही दोघे धरून चार.

गेली दोन-तीन वर्षं रिन्यूअल कमी होत चाललीत. लोक म्हणतात, आता सगळं क्लाउडवर असतं, तुमचं होस्टिंग कशाला? म्हणून आम्हीही क्लाउड (गरजेप्रमाणे भाड्याने मिळणारी मशीन) आणि हायब्रिड (काही काम गिऱ्हाइकाकडच्या मशीनवर, काही क्लाउडवर) सेवा सुरू करायच्या ठरवतोय. ऑफिसच्या वरच्या मजल्यावर तीन मोठे सर्व्हर, २४ टीबी जागा, यूपीएस, जनरेटर, एसी असा ४० लाखांचा अंदाज आहे. 'सांगलीचा स्वतःचा क्लाउड' म्हणून विकायचं. त्यासाठी तासगावजवळची दोन एकर द्राक्षबाग तारण ठेवावी लागेल. ती वडिलांच्या नावावर आहे आणि ते तयार नाहीत. चुलतभाऊ म्हणतो मशीन नकोतच, मोठ्या कंपन्यांचा क्लाउड घेऊन पुढे विकू. यावरून आमच्यात दोन महिने धड बोलणं नाही. त्यात एका दूध संघाने हायब्रिडसाठी कोटेशन मागितलंय. आमच्या इमारतीत २०१९ च्या पुरातही पाणी आलं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. आणि हो, ईमेलचा जुना सर्व्हर अजून सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमवरच आहे, तो बदलायला या गडबडीत वेळ झालेला नाही. काय करावं?

— एक वाचक, सांगली

उत्तर

नमस्कार.

उत्तर आधी देते, कारणं नंतर. क्लाउडमध्ये जरूर उतरा. दूध संघाचं काम घ्या. पण वरच्या मजल्यावर सर्व्हर आणू नका आणि द्राक्षबाग तारण ठेवू नका. तुमच्या वडिलांना सर्व्हरमधलं काही कळत नसेल, तरी या बाबतीत त्यांचा नकार योग्य आहे, आणि तो का योग्य आहे हे तुमच्याच आकड्यांत दिसतंय.

४० लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता महिन्याला ८७ हजारांच्या घरात जातो. तुमची उलाढाल महिन्याला पावणेदोन लाख. म्हणजे चौघांचे पगार, आत्ताच्या सर्व्हरचं भाडं आणि लायसन्स भागायच्या आधीच जवळपास निम्मी रक्कम हप्त्यात गेली. त्यात विजेची भर घाला. तीन सर्व्हर आणि स्विच मिळून अडीच किलोवॅट धरले आणि एसी-यूपीएसचा दीड, तर चोवीस तास चालून महिन्याला २,८८० युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी २९ हजार. दोन वेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइन, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि डिझेल वेगळं. पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी महिन्याला सव्वा लाखाचा खर्च उभा राहिला. महिना दीड हजाराचा एक व्हीपीएस (सर्व्हरचा भाड्याने दिलेला एक वेगळा भाग) धरला तर नुसतं बरोबरीत यायला ऐंशीच्या वर व्हीपीएस विकावे लागतील, तेही पहिल्या महिन्यापासून. कर्ज फिटेल तोवर मशीन जुनी होऊन नवी घ्यायची वेळ आलेली असेल.

२४ टीबीचा हिशेबही पुन्हा मांडा. तीन सर्व्हर एकत्र जोडून त्यांचा क्लस्टर केला आणि त्यावर सेफसारखं (Ceph) साठवणुकीचं सॉफ्टवेअर चालवलं, तर प्रत्येक गोष्टीच्या साधारणपणे तीन प्रती ठेवल्या जातात, एकेका मशीनवर एकेक. २४ चे तिथेच ८ टीबी झाले. तेही काठोकाठ भरता येत नाहीत. ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेलं की एखादी डिस्क गेल्यावर सावरायला जागा उरत नाही. विकायला हातात सहा-साडेसहा टीबी येतात. मेमरीचं तसंच. एक मशीन बंद पडलं तर त्यावरचा भार उरलेल्या दोघांनी उचलायचा, म्हणजे एक तृतीयांश मेमरी कायम रिकामी ठेवायची. तुम्ही कर्जाचं गणित २४ टीबीच्या विक्रीवर बसवलं असेल, तर ते कर्ज सुरुवातीलाच फसलेलं आहे.

आता पुराचं. तुमच्या इमारतीत पाणी आलं नाही, हे मान्य. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत ती पुन्हा ५० च्या पुढे गेली. अशा वेळी सर्व्हर कोरडा राहून भागत नाही. वीज कापली जाते, फायबर तुटते, कोल्हापूरच्या बाजूला महामार्ग बंद होतो, जनरेटर असला तरी डिझेल संपल्यावर आणायचं कुठून हा प्रश्न पडतो, आणि ज्या पोराने डिस्क बदलायची तो स्वतःच्या घरातलं सामान माडीवर चढवत असतो. याहून मोठी गोष्ट ही की, त्याच दिवशी गणपती पेठेतल्या आणि हरभट रोडवरच्या तुमच्या गिऱ्हाइकांची ऑफिसं पाण्यात असतात. त्यांच्या हिशेबाची दुसरी प्रत त्यांना नेमकी त्या दिवशी हवी असते. ती त्याच गावात, त्याच बंद पडलेल्या विजेवर ठेवून तुम्ही त्यांच्याकडून पैसे कशाचे घेणार? सांगलीच्या गिऱ्हाइकाला सांगलीबाहेरची प्रत देणं, हीच तर तुमच्या सेवेची खरी किंमत आहे.

मशीन आत्ता जिथे आहेत तिथेच, भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये राहू देत. क्लस्टर हवाच असेल तर मुंबई-पुण्यात भाड्याच्या मशीनवर करा. महिन्याचं भाडं जातं, पण गिऱ्हाईक वाढेल तसं एकेक मशीन वाढवता येतं आणि नाही वाढलं तर परत करता येतं. त्यावर प्रॉक्समॉक्स चालवा, एका मशीनचे अनेक व्हीपीएस करणारं हे सॉफ्टवेअर लहान कंपनीला पुरतं. त्याच कामाच्या व्हीएमवेअरच्या वाटेला या आकारात जाऊ नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतल्यावर कायमस्वरूपी लायसन्स विकणंच बंद झालं, सगळं वर्गणीवर गेलं आणि अनेकांची बिलं अचानक वाढली. २०१९ मध्ये होस्टिंगची खाती सांभाळायच्या सीपॅनेल या सॉफ्टवेअरने अकाउंटगणिक दर लावले तेव्हा बिलं कशी वाढली हे तुम्ही स्वतः भोगलं असेल, वेगळं सांगायला नको.

पण बॅकअप त्याच डेटा सेंटरमध्ये आहे हे वाचून मी थांबले. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. लाखो वेबसाइट बंद पडल्या. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांतल्या कित्येकांना दोन्ही प्रती एकदमच गमवाव्या लागल्या. तुमची आजची रचना हीच आहे. या आठवड्यात दुसऱ्या शहरात, हैदराबाद किंवा चेन्नईत, थोडी ऑब्जेक्ट स्टोरेजची (फाइली ठेवायची भाड्याची) जागा घ्या आणि रात्रीची एक प्रत तिकडे पाठवायला लागा. तिथल्या प्रती ठरावीक दिवस कुणालाही पुसता येणार नाहीत असं कुलूप लावायची सोय असते, ती चालू करा. रॅन्समवेअरवाले, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे, आत शिरले की पहिल्यांदा बॅकअप शोधून उडवतात. या कामाला कर्ज लागत नाही.

चुलतभावाच्या म्हणण्यात तथ्य आहे. मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई आणि चेन्नईतली केंद्रं २०१५ पासून आहेत, ॲमेझॉनचं मुंबईतलं २०१६ पासून आणि गुगलचं २०१७ पासून. त्यांच्याशी मशीनच्या दरावर झुंजायचं बळ सांगलीतल्या चार माणसांच्या कंपनीत नाही, पुण्यातल्या चारशे माणसांच्या कंपनीतही नाही. पण नुसतं घेऊन पुढे विकणं हाही धंदा होत नाही. कमिशन बारीक असतं आणि गिऱ्हाइकाच्या पोराला कळलं की तो क्रेडिट कार्ड टाकून थेट खातं उघडतो.

अमेरिकेतल्या रॅकस्पेसचं उदाहरण तुम्ही दोघांनी बसून समजून घ्या, कारण ती कंपनी तुमच्यासारखीच होस्टिंगमधून पुढे गेलेली आहे. १९९८ मध्ये टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओत ती सुरू झाली. गिऱ्हाइकाचा फोन उचलणं, रात्री-अपरात्री मदत करणं यावर तिचं नाव झालं. २०१० मध्ये नासाबरोबर तिने ओपनस्टॅक हे क्लाउडचं मुक्त सॉफ्टवेअर आणलं आणि स्वतःचा क्लाउड घेऊन ॲमेझॉनसमोर उभी राहिली. दर उतरत गेले आणि एवढ्या मोठ्या कंपनीलाही ती स्पर्धा झेपली नाही. २०१५ मध्ये तिने मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर आणि ॲमेझॉनवरची गिऱ्हाइकांची कामं सांभाळून द्यायला सुरुवात केली. म्हणजे मशीन दुसऱ्याचं आणि देखभाल हिची. जी गोष्ट तिला आधीपासून येत होती, तिच्यावरच ती परत आली.

त्या कंपनीची पुढची गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्या जुन्या ईमेल सेवेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. सुरक्षेची दुरुस्ती करणारा पॅच आलेला होता, पण तो लावल्याने अडचणी येतील म्हणून लांबणीवर टाकला होता. हजारो लहान धंद्यांचे ईमेल बंद पडले आणि ती सेवा कंपनीने पुन्हा उभीच केली नाही. गिऱ्हाइकांना मायक्रोसॉफ्टकडे न्यावं लागलं. आता तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचा. सेंटओएस ७ ला सुरक्षेचे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले. सहाशे गिऱ्हाइकांचे ईमेल त्या मशीनवर ठेवून तुम्ही नव्या सेवेचं माहितीपत्रक छापणार असाल तर मला ते पटत नाही. आज तुमचं पोट या सहाशे लोकांवर आहे. अल्मालिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर नवं मशीन तयार करा, दहा-दहा खाती रात्रीची हलवा, महिना लागू दे. तोवर दूध संघाला कोटेशन तेवढं द्या, पण क्लाउडचं कोणतंही नवं काम सुरू करू नका.

आणि या सहाशे साइट उगाच ॲमेझॉनवर नेऊ नका. ज्या कामाचा भार वर्षभर सारखा असतो, ते मोठ्या क्लाउडवर महाग पडतं. बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ३७सिग्नल्स कंपनीने २०२२ मध्ये जाहीर करून आपलं काम क्लाउडवरून स्वतःच्या मशीनवर परत आणलं. पण त्यांनीही मशीन विकत घेऊन ठेवली ती भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये, ऑफिसच्या माडीवर नाही. क्लाउड कामाला येतो तो भार चढतो-उतरतो तिथे. साखर कारखान्याचं गळीत हंगामातलं काम, शाळेच्या निकालाचा एक दिवस, एखाद्या देवस्थानचं यात्रेतलं बुकिंग. हंगाम संपला की मशीन बंद, बिलही बंद.

बिलावरून आठवलं. तुमचं गिऱ्हाईक वर्षाचे पैसे एकदाच देतं, तेही पाडव्याला किंवा दिवाळीला, आणि त्यातही दोन फोन करावे लागतात. क्लाउडचं बिल दर महिन्याला येतं, त्याचे दर बहुतेक डॉलरवर बेतलेले असतात, वर १८ टक्के जीएसटी. मधली पोकळी तुम्ही भरायची. बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे वेगळे. मुंबईतून ते जीबीला साधारण दहा-अकरा सेंट पडतात, म्हणजे एखाद्या डॉक्टरने सीटी-एमआरआयच्या एक टीबी फिल्म डाउनलोड केल्या की शंभर डॉलर गेले. मशीन पुसलं तरी अनेकदा त्याची डिस्क आणि जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या जुन्या प्रती) मागे राहतात आणि महिनोन्‌महिने पैसे खातात. बजेटचा इशारा लावता येतो, पण तो एरवी नुसता ईमेल पाठवतो, वेगळी सोय केल्याशिवाय खर्च थांबवत नाही. म्हणून गिऱ्हाइकाकडून तिमाही रक्कम आगाऊ घ्या, आणि क्लाउडचं भाडं व तुमची देखभाल अशा दोन वेगळ्या ओळी बिलात दाखवा. देखभालीचे पैसे मागायला संकोच करू नका. तुम्ही विकताय ते तेच आहे.

देखभाल म्हणजे काय, ते तुमच्या ऑनलाइन टॅलीवरूनच सांगते. तीस गिऱ्हाईक विंडोजच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने येतात. त्याचं ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, इंटरनेटला सताड उघडं असेल, तर या क्षणी जगभरातले बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) तिथे पासवर्ड घालून बघत असतील. लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडा, रात्रीत हजारो फसलेले लॉगिन दिसतील. अडत्याकडच्या मुनीमजींचा पासवर्ड दुकानाचं नाव आणि १२३ असतो, हे मला सांगायची गरज नाही. ते पोर्ट बाहेरून बंद करा, वायरगार्डसारख्या व्हीपीएनच्या (इंटरनेटवरच्या खासगी वाटेच्या) आत घ्या, मोबाइलवर येणारा दुसरा कोड सक्तीचा करा, प्रत्येकाला वेगळं खातं द्या. विंडोज भाड्याने देताय तर मायक्रोसॉफ्टचं होस्टिंगवाल्यांसाठीचं महिनावारी लायसन्स आणि रिमोट डेस्कटॉपची लायसन्स घेतलीत का तेही तपासा. दुकानात मिळणाऱ्या एका लायसन्सच्या चावीवर तीस जण चालवणं नियमात बसत नाही. हे सगळं नीट केलंत की त्याला 'मॅनेज्ड क्लाउड' म्हणून दीडपट दराने विकण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आता दूध संघ. मला या पत्रात सगळ्यात जास्त आशा इथे दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गावच्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दोन वेळा रांग लागते. कॅन काट्यावर चढतो, नमुना मशीनमध्ये जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) येतं, दर लागतो, पावती निघते. या पाच मिनिटांत नेट गेलं तर? उत्पादक उभा राहणार नाही, आणि दूध तर थांबणारच नाही. म्हणून केंद्रावरची नोंद केंद्रावरच झाली पाहिजे, तिथल्या छोट्या मशीनमध्ये. नेट आलं की ती आपोआप वर जाईल. वर जाताना एकच पावती दोनदा चढू नये म्हणून प्रत्येक नोंदीला केंद्र, तारीख, वेळ आणि अनुक्रम मिळून एक न बदलणारा नंबर हवा. संघाच्या मुख्य ऑफिसात आज जो सर्व्हर आहे तो राहू द्या. दहा दिवसांची बिलं, पशुखाद्याची कपात, बँकेची यादी त्यावरच निघेल, कारण तिथल्या माणसांचा हात त्यावर बसलेला आहे. त्याची प्रत दर पंधरा मिनिटांनी व्हीपीएनमधून मुंबईला जाईल. उत्पादकांचं मोबाइल ॲप आणि संचालकांचे अहवाल मुंबईच्या प्रतीवर चालवा, ऑफिसच्या सर्व्हरवर लोड नको. काम कुठलं गावात, कुठलं ऑफिसात आणि कुठलं मुंबईत, हे गरजेप्रमाणे वाटून देणं म्हणजेच हायब्रिड. गिऱ्हाइकाला याच शब्दांत सांगा.

कोटेशनच्या आधी संघाच्या व्यवस्थापकांना दोन प्रश्न विचारा. ऑफिस बुडालं तर किती वेळ बंद चालेल? आणि शेवटच्या किती वेळाच्या नोंदी गेल्या तर चालतील? पहिल्याला ते 'अजिबात नाही' म्हणतील, दुसऱ्याला 'एकही नाही' म्हणतील. मग प्रत्येक उत्तराचा खर्च समोर मांडा. चार तासांत उभं करायचं असेल तर मुंबईत तयार मशीन ठेवावं लागेल. एका दिवसात चालत असेल तर नुसती प्रत पुरेल. इथे एक आकडा त्यांना जरूर दाखवा. संघाचा डेटा दोन टीबी असेल आणि ऑफिसची लाइन ५० एमबीपीएसची, तर मुंबईची प्रत खाली उतरवून घ्यायला सलग पावणेचार दिवस लागतात. म्हणून संकटात डेटा सांगलीला आणायचा नाही, मुंबईतच मशीन चालू करायचं आणि लोकांनी जिथे असतील तिथून जोडायचं. मिरजेतल्या डॉक्टरांच्या सीटी-एमआरआयच्या फिल्मसाठीही हीच मांडणी चालते. गेल्या काही महिन्यांच्या फिल्म इमारतीतच ठेवायच्या, पटकन उघडतात. जुन्या बाहेर स्वस्त स्टोरेजमध्ये.

सेवा चालू राहण्याची हमी देताना हात आखडता ठेवा. महिन्याला ९९.९ टक्के म्हणालात तर त्रेचाळीस मिनिटं बंद राहायची मुभा मिळते, ९९.५ म्हणालात तर साडेतीन तासांच्या थोडी वर. चार माणसांत, रात्री दोनला, त्रेचाळीस मिनिटांत फोन उचलून दोष शोधून दुरुस्ती होईल का? मला शंका आहे. ९९.५ लिहा आणि पाळा. तिसरा-चौथा संघ किंवा हॉस्पिटल मिळालं की रात्रपाळीला एक माणूस घ्या. इथल्या कॉलेजांतली मुलं हुशार असतात, पण शिकली की वर्षा-दोन वर्षांत पुण्याला जातात, आणि त्यांनी जावंही. त्यामुळे कुठलं मशीन कुठे, कुठली चावी कुणाकडे, पडलं तर आधी काय करायचं, हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायची सवय लावा.

रिस्टोअर, म्हणजे प्रतीवरून काम पुन्हा उभं करणं, दर तिमाहीला करून बघा, गिऱ्हाइकासमोर. संघाच्या लेखापालांना बोलवा, मुंबईची प्रत चालू करा, त्यांनाच एखाद्या उत्पादकाचं गेल्या दहा दिवसांचं बिल काढायला सांगा आणि किती वेळ लागला ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. बॅकअप झाल्याचे हिरवे टिकमार्क रोज येतात आणि गरजेच्या दिवशी डेटाबेस उघडत नाही, असं या धंद्यात वारंवार होतं. तो सह्यांचा कागद तुमच्याकडे असला तर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वेगळी जाहिरात न्यायला नको.

कायद्याचं थोडक्यात. व्हीपीएस आणि क्लाउड विकणारे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत येतात. गिऱ्हाइकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क, दिलेले आयपी पत्ते, कशासाठी घेतलं, ही माहिती ते सोडून गेल्यावरही पाच वर्षं ठेवायची. लॉग १८० दिवस. हल्ला किंवा घुसखोरी कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचं. व्हॉट्सॲपवर नाव आणि यूपीआयवर पैसे, एवढ्यावर व्हीपीएस देणं आता बंद करा. हॉस्पिटलचं काम घेतलंत तर करार आधीच लिहून घ्या: रुग्णांचा डेटा तुमच्याकडे प्रक्रियेला द्यायला वैध करार हवा, अशी अट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. आणि प्रत्येक करारात एक कलम तुमच्याकडूनच घाला: सोडून जायचं झालं तर डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळेल. सहकारी संस्थेत संचालक मंडळ बदलतं, नवे लोक जुन्यांचे करार तपासतात. तेव्हा हे कलम तुमच्या बाजूने बोलेल.

तुमच्या दोघांच्या अबोल्याबद्दल. तुम्हाला स्वतःचं काहीतरी उभं करायचंय, चुलतभावाला अंगावर ओझं नकोय. दोन्ही इच्छा रास्त आहेत, आणि वर जी वाट सांगितली तीत दोन्ही बसतात. यंत्रणा बांधणं, बॅकअप, दूध संघाची जोडणी तुम्ही घ्या. क्लाउडची खाती, दर, वसुली आणि करार त्याच्याकडे द्या. खर्चाची एक मर्यादा ठरवा, जिच्यापुढे दोघांची सही लागेल. वडिलांना जाऊन सांगा की बाग तारण ठेवत नाही. हे फोनवर सांगू नका.

कोटेशन पाठवायच्या आधी संघाच्या एखाद्या लांबच्या संकलन केंद्रावर दोघे मिळून सकाळी सहाला पोचा. संघाची परवानगी घेऊन, रांग चालू असताना राउटरची वायर काढा आणि अर्धा तास काय होतं ते बघा. कुठली पावती अडली, काट्यावरच्या मुलाने काय शक्कल काढली, वहीत काय लिहिलं, सगळं टिपून आणा. कोटेशन त्या टिपणावरून लिहा. त्यासाठी आठवडाभराची मुदत वाढवून मागितलीत तर संघाची हरकत नसावी.